सोळा आण्यांचं रक्त

जगातली कुठलीही दोन माणसं एका बाकावर बसवावीत आणि आमच्या साडूंना पाच मिनिटं द्यावीत. सहाव्या मिनिटाला त्या दोघांत किती रक्त सामाईक आहे ते साडू आण्यांत सांगतील आणि सातव्या मिनिटाला त्या दोघांपैकी एक जण उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसेल. आदिलाबादच्या बसस्टँडवर हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एकमेकांचा 'आमचे बंधू' म्हणून उल्लेख करणारे दोन वयस्क गृहस्थ निर्मलला जाणाऱ्या बसची वाट पाहत होते. साडूंनी चार प्रश्न विचारले आणि निकाल दिला, "तुमचं नातं पाव आणा. तेही तुमच्या आजीनं सांगितलेलं सगळं खरं धरलं तर." ते दोघं गेले त्याच बसनं, पण चढले वेगवेगळ्या दारांनी.

हे मी आज हसत लिहितो आहे, कारण मागच्या उन्हाळ्यात साडूंच्या याच आणेवारीपायी एका मुलीचं लग्न मोडता मोडता राहिलं आणि ती मुलगी आता आपल्या घरी सुखात आहे. मोडलं असतं तर हा मजकूर मी लिहिलाच नसता. त्या लग्नात मध्यस्थ मी होतो आणि साडूंना बोलावणाराही मीच होतो.

साडू म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा. आमचे हे थोरले. जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतल्या मराठी शाळांतून छत्तीस वर्षं मास्तरकी आणि हेडमास्तरकी करून निवृत्त झालेले. माझ्या लग्नात, अंगावरची हळद वाळायच्या आत, त्यांनी माझा हात हातात घेतला. मला वाटलं, अभिनंदन करतील. ते म्हणाले, "तुमचा-आमचा संबंध शून्य आणे. मनाला लावून घेऊ नका. उद्या तुमचं लेकरू अन् माझं लेकरू दोन आणे होतीन, तवा बोलू." पुढे मला मुलगी झाली तेव्हा ते खरंच जास्त आपुलकीनं बोलू लागले. मुलीशी.

या आण्यांचा उगम सांगायला हवा. सोळा आण्यांचा रुपया आता कोणाच्या खिशात नाही, पण जमिनीच्या जुन्या कागदांत तो अजून जिवंत आहे. सगळं शेत म्हणजे सोळा आणे. दोन भाऊ असले तर आठ-आठ. त्यातल्या एकाला चार मुलगे झाले तर प्रत्येकी दोन. साडूंचे वडील निजामाच्या काळात पटवाऱ्याचं दप्तर डोक्यावर घेऊन त्याच्या घोड्यामागं गावोगाव चालत. त्यांना अक्षर एक येत नव्हतं, पण कुठल्या शेतात कोणाचे किती आणे, कोण फौत झाला, मागे वारस किती, हे दप्तरापेक्षा त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. स्वतःच्या मालकीची चार बोटं जमीन नसलेल्या माणसाला अख्ख्या तालुक्याचे हिस्से तोंडपाठ होते. मुलाला जमीन देणं त्यांना जमलं नाही, म्हणून त्यांनी मोजणी दिली. मुलानं ती रक्ताला लावली.

हिशेब तसा सोपा आहे. आई आठ आणे देते, बाप आठ आणे देतो, लेकरू सोळा आण्यांचं होतं. सख्खी भावंडं एकमेकांची आठ आणे, तेही सरासरीनं, कारण साडूंच्या शब्दांत, "आईबाप पत्ते पिसून वाटतात. दोन लेकरांच्या हातात तेच पत्ते येत नाहीत." सावत्र चार आणे, काका-पुतण्या चार आणे, आणि चुलत, मामे, आते, मावस हे सगळे दोन-दोन. दोन भावांनी दोन बहिणी केल्या असतील तर त्यांची मुलं चुलतही होतात आणि मावसही, म्हणजे चार आणे. अशा घरात साडू चपला जरा जपून काढत. पण त्यांचं आवडतं ठिकाण पुढचं. मामाच्या मुलीशी लग्न आमच्याकडं हक्कानं होतं आणि काकाच्या मुलीचं नुसतं नाव काढलं तरी म्हाताऱ्या कानावर हात ठेवतात. "रक्ताले इचारा," साडू म्हणत, "ते म्हणते, इकडं बी दोन आणे, तिकडं बी दोनच. भावकी वेगळी अन् सोयरे वेगळे, हे माणसानं केलं." एवढं पुरोगामी बोलून झाल्यावर ते स्वतःच्या भावकीत मात्र हा नियम कोणाला तसूभर मोडू देत नसत. तत्त्वज्ञान दारापर्यंत, घरात रीत.

जुळी हा त्यांचा खास प्रांत. आमच्या शेजाऱ्यांच्या सुनेला जुळ्या मुली झाल्या तेव्हा सगळे पेढे घेऊन दवाखान्यात गेले, साडू प्रश्न घेऊन गेले. त्यांनी नर्सबाईंना विचारलं, "नाळेची वार एक होती का दोन?"

नर्सबाई म्हणाल्या, "तुम्ही बाळांचे कोण?"

"कोणी नाही. शून्य आणे. वार?"

त्या मुली वर्षाच्या झाल्यावर एक आजोबांवर गेली आणि दुसरी कोणावरच गेली नाही, तेव्हा साडूंनी आजीची समजूत घातली, "या दोघी आठ आणेवाल्या आहेत. दोन बहिणी एकाच बसनं आल्या, एवढंच. नाहीतर मागंपुढं आल्या असत्या." खरे जुळे म्हणजे एक बी फुटून दोन झालेले, सोळा आणे. असे दोन भाऊ भैंसा गावी एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहेत. साडू त्यांना एकच नमस्कार घालतात. त्या दोघांच्या मुलांना मात्र ते 'चुलत' म्हणू देत नाहीत. "बाप सोळा आणे एकच आहेत," ते मुलांना समजावतात, "म्हणजे रक्तानं तुमी सावत्र भावंडं. चार आणे." यावर त्या मुलांच्या आया काय म्हणाल्या ते छापण्यासारखं नाही.

साडूंमुळे माझी करमणूकही पुष्कळ झाली, हे नाकारत नाही. आमच्या चौकात एका पुढाऱ्याचा वाढदिवस होता. चौकाएवढा फ्लेक्स, त्यावर मध्ये साहेब आणि भोवती पंचवीस-तीस हसरी डोकी, खाली 'समस्त बंधू परिवार'. भाषणांत एका तरुणानं 'साहेब माझे सख्ख्या भावासारखे' म्हणता म्हणता 'सारखे' गाळलं. साडू पहिल्या रांगेत होते, निवृत्त गुरुजन म्हणून. उठले, माइकजवळ गेले आणि अत्यंत सौम्यपणे म्हणाले, "हे साहेबांच्या चुलत्याच्या साल्याचे चिरंजीव आहेत. शून्य आणे. बाकी कार्यक्रम चालू द्या." पुढच्या वर्षी फ्लेक्सवर 'समस्त मित्र परिवार' आलं आणि निवृत्त गुरुजनांच्या खुर्च्या मागच्या रांगेत गेल्या.

आमच्या वरच्या मजल्यावर एक तेलुगू कुटुंब राहतं. बाईंचं लग्न त्यांच्या रीतीप्रमाणे सख्ख्या मामाशीच झालेलं. साडूंनी एका रविवारी त्यांच्या मुलाचा हिशेब मांडला. मुलगा आईचा आठ आणे. पण बाप हा आईचा मामा, त्याच्याकडून आईचं रक्त आणखी दोन आणे आलं, म्हणजे दहा. तसाच बापाचा दहा. बेरीज वीस. "रुपयात वीस आणे कसे होतील?" साडू कागद घेऊन जिना चढले. बाईंनी तो कागद नीट पाहिला, घडी करून परत दिला आणि म्हणाल्या, "सार, चाय पियो." साडू चहा पिऊन खाली आले. पुढे आठवडाभर ते त्या मुलाकडं, तो क्रिकेट खेळत असताना, चिंतेनं पाहत उभे राहायचे.

चूक मात्र साडूंनी कधी कबूल केली नाही. चूक होते ती लोकांच्या सांगण्यात. कागदात होत नाही, आणि साडूंनी स्वतः लिहिलेल्या कागदात तर नाहीच. माणसाची आठवण पातळ होत जाते, शाई होत नाही, असं त्यांचं म्हणणं. आपण दाखल करून घेतलेल्या प्रत्येक पोराची नोंद त्यांना पाठ होती: नाव, बापाचं नाव, गाव, जन्मतारीख. जन्मतारीख पाठ ठेवणं अवघड नव्हतं म्हणा. खेड्यात तारीख कोण सांगणार? 'पुराच्या वर्षी झाला', 'म्हैस मेली त्याच्या आदल्या महिन्यात', असं ऐकून मास्तर लोक सरसकट एक जून घालत. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला की पोरगं पाच वर्षांचं. साडूंच्या नोकरीच्या काळात ते जिथं जिथं होते तिथं एक जून सोडून कोणी जन्मलंच नाही.

आता त्या लग्नाचं.

गुणवंत माझ्या ऑफिसातला सहकारी. दोन वर्षांपूर्वी बदली होऊन आदिलाबादला आला. त्याची मुलगी प्रज्ञा मंचेरियलला नर्स. गुणवंतच्या आत्याचा मुलगा यशवंत मुधोळला शिक्षक, त्याचा मुलगा सुमेध बँकेत. प्रज्ञा आणि सुमेध यांना एकमेकांशीच लग्न करायचं होतं; ते ठरेपर्यंत प्रज्ञानं दोन चांगली स्थळं परत पाठवली होती. मामेभाऊ-आतेभावांची मुलं म्हणजे सोयरीक रीतीला धरूनच. अडचण एवढीच की, यशवंतच्या सगळ्या कागदांवर गुणवंतच्या दिवंगत वडिलांचं नाव बाप म्हणून लागलेलं. यशवंतचा बाप तो पोटात असतानाच कोळशाच्या खाणीत काम शोधायला गेला आणि परत आला नाही. आई मरेपर्यंत भावाकडं राहिली. पोरगं मामाच्या घरी वाढलं, शाळेत मामाचं नाव लागलं, दहावीच्या सर्टिफिकेटपर्यंत कोणी लक्ष दिलं नाही आणि नंतर दुरुस्तीसाठी इतक्या खिडक्यांपुढं उभं राहायला लागत होतं की राहू दिलं. घरी सगळ्यांना हे ठाऊक होतं.

सुमेधच्या मामांना मात्र हे नीट पटलेलं नव्हतं. हे पांढरकवड्याचे गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार. दोन फोन, पांढरे बूट, आणि आपल्याला विचारल्याशिवाय समारंभात भाजीला फोडणीही पडू नये अशी अपेक्षा. एकाच बापाचं नाव लावणारे दोघं म्हणजे भाऊच, भावकीत सोयरीक होते कशी, असा त्यांचा पहिल्यापासून सूर. मी दोनदा पांढरकवड्याला जाऊन त्यांना समजावलं होतं. ते साखरपुड्याला आले, ते 'बघू' म्हणून आले.

त्या साखरपुड्याला मी साडूंना बोलावलं. बायको म्हणाली, "ताईला बोलवायचं अन् भाऊजींना नाही, असं कसं चालीन?" चाललं असतं.

गुणवंतच्या घरापुढं मांडव घातला होता. बुद्धवंदना झाली. मी गुणवंत आणि यशवंतची साडूंशी ओळख करून दिली, नावं सांगितली, पैनगंगेकाठचं त्यांचं गाव सांगितलं. साडूंचे डोळे एकदम चमकले. "अरे, तुमाले तर मी शाळेत घातलं! माझी पहिली नोकरी, पहिला दिवस, पहिल्या दोन नोंदी. गुणवंत, यशवंत. जन्म एक जून. जुळे!"

गुणवंत हसला. "जुळे नाही मास्तर, मामेभाऊ-आतेभाऊ आमी."

"कोण म्हणते? तुमचे वडील स्वतः आले होते घेऊन. मी नाव विचारलं, त्यायनं सांगितलं. दोघांचे बाप एक, तारीख एक. अन् गुणवंत-यशवंत! जुळ्यांशिवाय अशी नावं कोण ठेवते?" मग त्यांनी दोघांना न्याहाळलं. गुणवंत उंच आणि सावळा, यशवंत ठेंगणा आणि गोरा. "सोळा आणेवाले नाई वाटत," साडू म्हणाले. "आठ आणेवाले. म्हणजे लेकरं चुलत, दोन आणे." आणि हे लग्न कोणाचं आहे ते तेव्हा कुठं त्यांच्या लक्षात आलं. त्यांचा चेहरा उतरला, पण शब्द गेला होता आणि मांडवात सगळ्यांनी तो ऐकला होता.

मामा आधीच उठले होते. "ऐकलं का जी सगळ्यायनं? आमी म्हणत होतो तवा आमी वाईट. आता तर शाळेत घालणारे मास्तरच सांगून राह्यले!" ते माझ्याकडं वळले. "काऊन जी मध्यस्थ, तुमी तर म्हणत होते, नाव चुकून लागलं?"

मी साडूंना म्हणालो, "भाऊ, जुनी गोष्ट आहे. विसरला असाल."

एवढं म्हणायला नको होतं. विसरलात म्हटलं की साडू अधिक आठवतात. "कागद विसरत नाही," ते खालच्या आवाजात पण ठामपणे म्हणाले. "मी लिहिलेलं आहे."

एवढ्यात आतून गुणवंतची आई बाहेर आली. पंचाहत्तरीची म्हातारी, दोन्ही पोरांना एकाच परातीत जेवू घातलेली. ती सरळ साडूंपुढं जाऊन उभी राहिली.

"मास्तर, मी किती लेकरं जनली ते मले ठाव नाई का तुमाले?"

"आजी, तसं नाही, पण नोंदीत..."

"नोंदीले कळा आल्या होत्या का? म्या एकच पोट्टा जनला, हा गुणवंता. हे म्हणून राह्यले दोन! अरे बाप्पा, दुसऱ्याच्या वेळेस मी कुठं गेली होती?"

मांडव हसला, पण मामा हसले नाहीत. "म्हाताऱ्या माणसाचं काय," ते म्हणाले, "नातीच्या लग्नासाठी कोणीही बोलन. आमाले पुरावा पायजे. उठा रे." त्यांच्याकडचे चार-सहा जण उठले. सुमेध उठला नाही. खाली मान घालून बसून राहिला. प्रज्ञा दारात उभी होती, हातात पेढ्यांचं ताट. ती ते खालीही ठेवत नव्हती आणि पुढंही आणत नव्हती. मी त्या ताटाकडं पाहत होतो, कारण तिच्या तोंडाकडं पाहायची माझी छाती नव्हती.

म्हातारी खुर्चीत बसली. आता ती फक्त साडूंशी बोलत होती. "तुमी नवे होते, मास्तर. पांढरा सदरा घातला होता. बायांकडं मान वर करून पाहत नव्हते, लाजत होते. आमी दोघी ननंद-भावजय वऱ्हांड्यात, अन् आमचे हे पुढं. गुणवंताचं झालं. मंग तुमी खालीच पाहून इचारलं, दुसऱ्याच्या बापाचं नाव? ननंदबाई मुकी झाली. नवऱ्याचं नाव कोनती बाई घेईन? तो सोडून गेला म्हणून काय झालं? तिनं भावाकडं बोट दाखवलं, का हे सांगतीन. तुमी मान वर केली, तं बोट दिसलं, अन् बोटाच्या टोकाले आमचे हे दिसले. तुमी काईच इचारलं नाई. 'सदर' म्हणले अन् लिवलं."

साडूंचे ओठ हलत होते. बहुधा ती ओळ ते मनात वाचत होते: नाव यशवंत, बापाचं नाव, सदर, म्हणजे वरचंच, गाव, सदर, जन्म, सदर. मग त्यांनी विचारलं, "दुसरा पोरगा लहान होता का?"

"दीड वर्षानं. गुणवंता चालला म्हणून रडला, म्हणून त्याले बी नेलं. हात कानाले पुरत नव्हता..."

"...म्हणून त्यानं मान वाकडी केली," साडू म्हणाले. "कान हाताकडं नेला. मी हसलो होतो."

मी साडूंना इतकी वर्षं ओळखतो. ते आता काय करतील हे मला सांगता आलं नसतं. गप्प बसले असते तरी कोणी त्यांना काही म्हटलं नसतं. म्हाताऱ्या मास्तरला नीट आठवत नाही, असं म्हणून त्यांची सुटका झाली असती. लग्न मात्र मोडलं असतं.

साडू मामांपुढं जाऊन उभे राहिले. वर्गापुढं उभे राहायचे तसे, हात मागे बांधून. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "पहिल्याच दिवसाची आहे. मी मान वर करून दुसऱ्यांदा विचारलं नाही. हे जुळे नाहीत, सख्खेही नाहीत. मामेभाऊ-आतेभाऊ, दोन आणे. लेकरं अर्धा आणा. अन् सोयरे."

मामांनी हार मानली नाही. "आत्ता कसं आठवलं जी? आत्ता तर कागद विसरत नाई म्हणत होते. याले पुरावा काय?"

"पावणे," साडू म्हणाले, "मी जन्मात चूक कबूल केली नाही. आज शंभर माणसांत उभा राहून करून राह्यलो. याच्यापेक्षा मोठा पुरावा तुमाले कुठला पायजे?"

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आमच्या मेव्हणीबाईंचा आवाज आला, "हे खरं हाय बाप्पा! चाळीस वर्षं संसार केला, आजवर नाई ऐकलं!"

मांडव फुटला. आधी बायका हसल्या, मग पुरुष, मग म्हातारी पदर तोंडाला लावून हसली, आणि शेवटी मामांबरोबर उठलेल्या चार-सहा जणांपैकी एक जण हसत खाली बसला, तसे बाकीचेही बसले. मामा एकटेच उभे राहिले. दोन्ही फोन त्यांनी एकदा पाहिले. एकावरही कोणाचा काही सल्ला आलेला नव्हता. "मंग जेवणाचं काय हाय?" असं म्हणून तेही बसले. प्रज्ञा ताट घेऊन बाहेर आली. पहिला पेढा तिनं साडूंपुढं धरला. मला तेव्हा एकदम भूक लागली. त्या दिवशी मी किती पुऱ्या खाल्ल्या ते बायको अजून सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडू गुणवंतच्या घरी हजर. लग्नपत्रिकेचा मजकूर करायचा होता, आणि गावातल्या कुठल्याही मजकुरावर आपला हक्क आहे हे त्यांनी चूक कळल्याच्या धक्क्यानंतरही सोडलं नव्हतं. पण त्या दिवशी त्यांनी पेन उघडलं, कागद पुढं ओढला आणि मान वर करून म्हातारीकडं पाहून विचारलं, "आजी, यशवंतच्या वडिलांचं नाव काय?"

"दौलत," म्हातारी म्हणाली. "दौलत होतं नाव."

मग नावामागं 'कालकथित', म्हणजे दिवंगत, लिहायचं की नाही, हा प्रश्न आला. तो माणूस आहे की गेला, हे पन्नास वर्षांत कोणाला कळलेलं नव्हतं. गुणवंत म्हणाला, लिहून टाका, आता काय. यशवंत साडूंच्या पेनाकडं पाहत होता. साडूंनी बराच विचार केला आणि म्हणाले, "जे आपल्याला ठाऊक नाही ते लिहायचं नाही." आणि नुसतं 'दौलत यांचे नातू' लिहिलं.

आठ दिवसांनी पत्रिका छापून आल्या. मी मुधोळला गेलो तेव्हा यशवंत आपल्या ओट्यावर पत्रिका हातात घेऊन बसला होता आणि त्या ओळीवरून अंगठा फिरवत होता. साडू त्याच्या शेजारी. यशवंत म्हणाला, "मास्तर, हे नाव लिहिलेलं मी पहिल्यांदा पाहून राह्यलो."

मला वाटलं, साडू आता बाप-लेकाचे आणे सांगतील. ते म्हणाले, "मी विचारायला पाहिजे होतं, बाबू." आत बायका पत्रिकांच्या घड्या घालत होत्या, आणि ज्या बाईनं ते नाव मरेपर्यंत तोंडातून काढलं नाही तिच्याच लेकाच्या घरात, दर दोन-तीन पत्रिकांमागं, कोणीतरी ते मोठ्यानं वाचून पाहत होतं.